जागा रिकाम्या राहत नाहीत, ठेवल्या जातात

सरकारी दवाखान्यात माणसे का नाहीत, असे विचारले की आपल्याकडे ठरलेली तीन उत्तरे मिळतात. डॉक्टर खेड्यात जायला तयार नसतात. राज्याच्या महसुलातला निम्म्याहून अधिक पैसा पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज यांवरच खर्च होतो, तेव्हा पदसंख्येला कुठेतरी लगाम हवाच. आणि कायम माणसे नसली तर कंत्राटी आहेत की, काम थोडेच अडले आहे? ही उत्तरे मंत्री देतात, सचिव देतात, आणि ज्यांना सरकारी रुग्णालयाची पायरी कधी चढावी लागत नाही असे सुशिक्षित लोकही हल्ली ती देऊ लागले आहेत. प्रत्येकात थोडे तथ्य आहे, म्हणून ती पटतातही. मला ती मान्य नाहीत. महाराष्ट्राच्या आरोग्य सेवेतल्या रिकाम्या जागांचा फार मोठा भाग माणसे मिळत नाहीत म्हणून रिकामा नाही. कुणीतरी फाइलवर सही करून, किंवा सही करायचे टाळून, त्या जागा रिकाम्या ठेवल्या आहेत.

नांदेडपासून सुरुवात करतो. ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३ या दिवसांत, चोवीस तासांच्या आत, डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ रुग्ण गेले. त्यांतली १२ नवजात बालके होती. पुढच्या चोवीस तासांत आणखी सात. त्याआधी ऑगस्टमध्ये ठाणे महापालिकेच्या कळवा रुग्णालयात एका दिवसात १८ रुग्ण दगावले होते. नांदेडचे रुग्णालय पाचशे खाटांचे, आणि आत बाराशे रुग्ण दाखल आहेत, असे माजी मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांनी तेव्हा सांगितले. सरकारचे म्हणणे असे, की औषधे होती, डॉक्टर होते, रुग्णच अखेरच्या अवस्थेत आले. मग एका खासदाराने रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांकडून शौचालय साफ करून घेतले आणि ती चित्रफीत राज्यभर फिरली. पुढे त्या खासदारावर गुन्हा नोंदला गेला, एका मृताच्या नातेवाइकाच्या तक्रारीवरून अधिष्ठात्यांवरही.

रुग्ण अखेरच्या अवस्थेत आले, हे खरेच असेल. पण ते का आले? हिंगोली, परभणी, यवतमाळच्या कडेची गावे, तेलंगणाच्या सीमेवरचे लोक, सगळे नांदेडला येतात, कारण मधल्या पायऱ्यांवर त्यांना धरून ठेवणारे कुणी नसते. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय अशी जी उतरंड आपण कागदावर रचली, तिच्यातल्या प्रत्येक पायरीवर भूलतज्ज्ञ नाही, बालरोगतज्ज्ञ नाही, रात्रीची परिचारिका एकटी आहे, म्हणून रुग्ण वर ढकलला जातो. ढकलता ढकलता जे दोन दिवस जातात, त्यांनाच ‘अखेरची अवस्था’ म्हणतात. सरकारने स्वतःच्या बचावासाठी मांडलेला मुद्दा हाच सरकारविरुद्धचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने नांदेडची दखल स्वतःहून घेतली तेव्हा मंजूर पदे किती आणि भरलेली किती, हा तपशील सरकारला द्यावा लागला तो याच कारणाने. आणि ज्या अधिष्ठात्यांच्या हाती झाडू दिला गेला, त्यांना सफाई कामगाराची एक जागा भरायची तरी परवानगी मंत्रालयातून आणावी लागते. दोषी शोधायचा तर तो त्या शौचालयात सापडणार नव्हता.

आता ‘माणसे मिळत नाहीत’ हे पाहू. रुग्णालय म्हणजे फक्त डॉक्टर असा आपला एक समज आहे, आणि या समजावरच हे उत्तर उभे आहे. अधिपरिचारिका, औषधनिर्माण अधिकारी, प्रयोगशाळा वैज्ञानिक अधिकारी, क्ष-किरण वैज्ञानिक अधिकारी, शस्त्रक्रियागृह सहायक, आरोग्यसेविका, आरोग्यसेवक, कक्षसेवक, वाहनचालक: आरोग्य खात्यातली बहुसंख्य पदे यांची आहेत. यांतल्या कोणत्या पदाला उमेदवार मिळत नाही? तालुक्यातालुक्याच्या अभ्यासिकांमध्ये नर्सिंगची पदविका घेतलेल्या, औषधनिर्माणशास्त्र शिकलेल्या मुलामुलींनी वर्षानुवर्षे बाके भरलेली आहेत. जाहिरात निघाली की अर्ज लाखांनी येतात. खेडेच काय, डोंगरातले उपकेंद्र मिळाले तरी जायला ते तयार असतात, कारण ते तिथलेच असतात.

या मुलांच्या वाट्याला काय आले ते सालवार सांगतो. टाळेबंदी लागल्यावर ४ मे २०२० रोजी वित्त विभागाने खर्चावर कात्री चालवणारा शासन निर्णय काढला. नवी पदभरती बंद केली, पण सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण या दोन विभागांना त्यातून वगळले. म्हणजे तिजोरी सगळ्यात रिकामी होती त्या वर्षी आरोग्य खात्याच्या भरतीला पैशाची आडकाठी नव्हती. पुढे काय झाले? सहा हजारांवर जागांसाठी २५ आणि २६ सप्टेंबर २०२१ या परीक्षेच्या तारखा ठरल्या. मुले गाड्या पकडून परगावच्या केंद्रांवर पोचली होती, तेव्हा आदल्या रात्री परीक्षा पुढे ढकलल्याचे कळवण्यात आले; परीक्षा घेणाऱ्या खासगी कंपनीची तयारीच झालेली नव्हती. ऑक्टोबरमध्ये परीक्षा झाली, आणि गट ड ची प्रश्नपत्रिका फुटली. पुणे पोलिसांच्या सायबर शाखेने तपास केला तेव्हा अटकेत गेलेल्यांमध्ये आरोग्य विभागाचा एक सहसंचालक होता. नव्याने १०,९४९ जागांची जाहिरात निघायला ऑगस्ट २०२३ उजाडला. खुल्या प्रवर्गातल्या उमेदवाराने पुन्हा हजार रुपये शुल्क भरायचे, आरक्षित प्रवर्गातल्याने नऊशे.

जिल्हा परिषदांचे याहून वाईट. आरोग्यसेवक आणि आरोग्यसेविका यांच्यासह अनेक पदांची जाहिरात मार्च २०१९ मध्ये निघाली होती. ती रखडत गेली, शेवटी रद्द झाली आणि १९,४६० जागांसाठी पुन्हा जाहिरात आली ती ऑगस्ट २०२३ मध्ये. मधल्या साडेचार वर्षांत करोनाच्या तीन लाटा येऊन गेल्या. जे आरोग्यसेवक गावोगाव फिरून रुग्ण शोधायला हवे होते, ते घरी बसून परीक्षेची तारीख शोधत होते, आणि त्यांचे काम आशाताईंवर टाकले गेले. यात कुठे आली टंचाई? उमेदवार होते, मंजूर पदे होती, निदान एका खात्याला पैशाची परवानगीही होती. नव्हती ती एक परीक्षा नीट घेण्याची इच्छा.

आदिवासी भागांचे सांगायलाच हवे, कारण ‘तिकडे कुणी जात नाही’ हे वाक्य सगळ्यात जास्त त्यांच्याबद्दल वापरले जाते. राज्यपालांच्या २९ ऑगस्ट २०१९ च्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातल्या १७ संवर्गांतली पदे स्थानिक आदिवासी उमेदवारांमधून भरायची ठरली. त्यांत परिचारिका आणि बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी होते. मेळघाट, नंदुरबार, पालघर, गडचिरोली इथल्या पाड्यांना त्यांची भाषा बोलणारी, तिथेच राहणारी माणसे मिळण्याची ही संधी होती. प्रकरण न्यायालयात गेले, ते स्वाभाविकही होते. पण निवड होऊन बसलेल्या मुलांच्या नेमणुका लटकत राहिल्या, आणि त्या सोडवण्याची घाई कुणाला दिसली नाही. विधानसभेचे तेव्हाचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी ४ ऑक्टोबर २०२४ रोजी मंत्रालयातल्या संरक्षक जाळीवर उडी मारली, त्यामागे या भरतीचाही प्रश्न होता. सत्तेत बसलेल्या माणसाला भरतीसाठी जाळीवर उडी मारावी लागते, मग सामान्य उमेदवाराने कुठे जायचे? शेवटी तोडगा निघाला तो तात्पुरत्या मानधनाचा. कुपोषणाने मुले दगावतात म्हणून उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे जनहित याचिका चाललेल्या मेळघाटात, यायला तयार असलेल्या परिचारिकेला आपण मानधनावर बोलावतो.

डॉक्टरांचा प्रश्न वेगळा आहे हे मी मान्य करतो, आणि विशेषज्ञांचा तर फारच वेगळा. देशाच्या ग्रामीण भागातल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत विशेषज्ञांची जवळजवळ ८० टक्के कमतरता असल्याचे केंद्र सरकारचीच ग्रामीण आरोग्य सांख्यिकी दाखवत आली आहे. इथे खरोखर माणसे मिळत नाहीत. पण का मिळत नाहीत, हे जरा खोलात जाऊन पाहावे. ग्रामीण रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ नेमला आणि भूलतज्ज्ञ नेमला नाही, तर त्या स्त्रीरोगतज्ज्ञाला सिझेरियन करता येत नाही. भूलतज्ज्ञ आला आणि रक्त साठवण केंद्र चालवायला तंत्रज्ञ नाही, तरी करता येत नाही. बाळ अडचणीत आले आणि बालरोगतज्ज्ञ नाही, तर बाळाला घेऊन रुग्णवाहिका साठ-सत्तर किलोमीटर जाते. या चौघांपैकी एक जागा भरली तर एक चतुर्थांश काम होत नाही, शून्य काम होते. मग तो एकटा विशेषज्ञ सहा महिने बाह्यरुग्ण विभागात खोकल्याच्या गोळ्या लिहितो, हातातले कौशल्य गंजताना पाहतो आणि राजीनामा देतो. त्याच्या राजीनाम्याची नोंद ‘ग्रामीण भागात काम करण्यास अनुत्सुक’ अशी होते. वर्षानुवर्षे घासून शिकलेले काम करायला न मिळणे हे त्याच्या जाण्याचे खरे कारण असते, आणि ते पदे एकेकटी, तुकड्यातुकड्याने भरण्याच्या आपल्या पद्धतीतून येते.

शिवाय सरकारकडे बंधपत्र आहे. शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्याने एक वर्ष सेवा द्यायची, नाहीतर दहा लाख भरायचे. दरवर्षी तयार डॉक्टरांची एक तुकडी सरकारच्या हातात येते, हे मोठे साधन आहे. पण वर्षभरासाठी आलेला, रुळेपर्यंत निघून जाणारा डॉक्टर हा कायम पदाला पर्याय नसतो. तो आला की पद भरल्याचे समाधान मात्र मिळते. तामिळनाडूने दुसरा रस्ता धरला. २०१२ मध्ये तिथे फक्त आरोग्य सेवेच्या भरतीसाठी स्वतंत्र वैद्यकीय सेवा भरती मंडळ उभे राहिले. सरकारी सेवेत, खेड्यात काम केलेल्या डॉक्टरला पदव्युत्तर शिक्षणात निम्म्या जागांचा कोटा त्यांनी लढून टिकवला, अगदी सर्वोच्च न्यायालयापर्यंत. ३१ ऑगस्ट २०२० च्या निकालाने राज्यांचा हा अधिकार मान्य झाला. खेड्यातली चार-पाच वर्षे ही तरुण डॉक्टरला शिक्षा वाटण्याऐवजी विशेषज्ञ होण्याची वाट वाटू लागली, तर तो जातो. महाराष्ट्राने हा सेवांतर्गत कोटा आणला तो उशिरा आणि २० टक्क्यांचा.

मग पैशाचे उत्तर उरते, आणि ते सर्वांत गंभीरपणे दिले जाते. पदांचा आकृतीबंध ठरवायचा, त्याला मंत्रालयातल्या सचिव समितीची मान्यता घ्यायची, ती मिळेपर्यंत रिकाम्या जागांपैकी ठरावीक टक्केच भरायच्या, ही आपली व्यवस्था. ७५ हजार पदे भरण्याचा गाजावाजा झाला तेव्हा, ३१ ऑक्टोबर २०२२ च्या शासन निर्णयातही, ज्या विभागांचा सुधारित आकृतीबंध मंजूर झालेला नाही त्यांना सरळसेवेच्या रिक्त पदांच्या ८० टक्क्यांपर्यंतच भरतीची मुभा होती. सगळ्यात मोठ्या भरतीतही पाचातली एक जागा नियमानेच रिकामी. कृषी किंवा महसूल विभागाला हा नियम लावला तर काही कामे उशिरा होतील. प्रसूतिगृहाला लावला तर कोणते काम उशिरा करायचे?

या व्यवस्थेचे समर्थक आकृतीबंधाला गरजेचे मोजमाप समजतात. तसे ते नाही. उपकेंद्र सपाट भागात पाच हजार लोकसंख्येमागे, डोंगरी आणि आदिवासी भागात तीन हजारांमागे, प्राथमिक आरोग्य केंद्र तीस हजार आणि वीस हजारांमागे, हे निकष. लोकसंख्या कोणती? २०११ च्या जनगणनेची. २०२१ ची जनगणना झालीच नाही. ठाणे, पालघर, पुण्याच्या कडेची जी गावे दहा-पंधरा वर्षांत शहरे झाली, तिथे आजच्या माणसांसाठी कालच्या माणसांइतकीच मंजूर पदे आहेत. रुग्णालयात पदे खाटांवर ठरतात, दाखल रुग्णांवर नाही. त्यामुळे पाचशे खाटांवर बाराशे रुग्ण आले तरी कागदावर कमतरता वाढत नाही. ‘शंभर टक्के पदे भरली’ असे उद्या जाहीर झाले तरी रुग्णामागे माणसे अपुरीच असतील.

परिचारिकांचा हिशेब तर कुणीही वहीवर मांडून पाहावा. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, इतर रुग्णालयांत पाचांमागे एक, अतिदक्षता विभागात एकास एक, आणि वर रजेसाठी ३० टक्के राखीव, असा आहे. अतिदक्षता विभागातल्या एका खाटेजवळ चोवीस तास परिचारिका हवी असेल, तर आठवड्याला २१ पाळ्या होतात. एक परिचारिका आठवड्याला सहा पाळ्या करते. म्हणजे साडेतीन परिचारिका, आणि आजारपण, बाळंतपण, प्रशिक्षण धरले तर साडेचार. एका खाटेला साडेचार. वित्त विभागाच्या टिपणात हा आकडा उधळपट्टीसारखा दिसतो, म्हणून आधी रजा राखीव कापले जाते, मग रात्रपाळी पातळ केली जाते, मग एकाच परिचारिकेकडे शेजारचाही कक्ष दिला जातो. पद वाचले, काम वाचले नाही. ते उरलेल्या परिचारिकेच्या पायांवर आणि रुग्णाच्या नातेवाइकांवर गेले. सरकारी रुग्णालयात सलाइनची बाटली संपत आली हे पाहायला रात्रभर जागणारी आई किंवा भाऊ कुठल्याच आकृतीबंधात नसतो.

आणि पैसा खरोखर वाचतो का? २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांना २०२० पर्यंत अर्थसंकल्पाच्या आठ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्च करायला सांगितले होते. महाराष्ट्र त्या आठच्या जवळही गेला नाही, तेव्हा ‘पगारावर फार जाते’ हा युक्तिवाद आरोग्य खात्याच्या तोंडून तरी शोभत नाही. त्यातही महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे पैसे बघा. २०१२ मध्ये जीवनदायी नावाने ही योजना सुरू झाली, २०२३ मध्ये विम्याचे कवच पाच लाखांपर्यंत वाढवायचा निर्णय झाला. गरीब रुग्णाला त्याचा आधार मिळतो, योजना बंद करा असे मी म्हणणार नाही. पण जिल्हा रुग्णालयात शल्यचिकित्सकाचे पद रिकामे ठेवायचे, त्याच शस्त्रक्रियेसाठी रुग्ण खासगी रुग्णालयात पाठवायचा आणि तिथले बिल सरकारने भरायचे, यात बचत कुठे झाली? वेतनाच्या शीर्षाखाली जाणारा पैसा दुसऱ्या शीर्षाखाली गेला, एवढेच. आणि जी शस्त्रक्रिया योजनेच्या यादीत बसत नाही, तिच्यासाठी शेतकऱ्याने जमीन गहाण टाकली, ती रक्कम तर सरकारच्या कुठल्याच हिशेबात येत नाही.

इमारतींना मात्र पैसा मिळतो. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबई, नाशिक, जालना, अमरावती, गडचिरोली, बुलढाणा, वाशीम, भंडारा, हिंगोली आणि अंबरनाथ अशा दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे पंतप्रधानांच्या हस्ते एकाच वेळी उद्घाटन झाले. गडचिरोलीत वैद्यकीय महाविद्यालय ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण अध्यापक कुठून आले? जुन्या महाविद्यालयांतून, प्रतिनियुक्तीवर. तपासणीच्या आधी अध्यापकांना इकडून तिकडे हलवायचे आणि तपासणी झाली की परत आणायचे, हा प्रकार या क्षेत्रातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. अपुऱ्या भाकरीचे तुकडे वाढवून पंगत मोठी झाल्याचे दाखवायचे, असे हे चालले आहे. एकाच वेळी दोन ठिकाणी कमतरता निर्माण होते, आणि पुढच्या पिढीचा डॉक्टर अर्धवट शिकून बाहेर पडतो.

पदसंख्येच्या मर्यादेसाठी परदेशांचे दाखलेही दिले जातात, म्हणून एक दाखला मीही देतो. आयर्लंडच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने नोव्हेंबर २०२३ मध्ये भरती गोठवली. जुलै २०२४ मध्ये बंदी उठली आणि तिच्या जागी पदसंख्येची नवी मर्यादा आली. तिथल्या परिचारिकांच्या संघटनेची तक्रार अशी, की ३१ डिसेंबर २०२३ रोजी जी पदे रिकामी होती ती या मर्यादेत धरलीच गेली नाहीत. आधी भरती थांबवून पद रिकामे करायचे आणि मग रिकामे आहे म्हणून ते काढून टाकायचे. आपल्याकडेही पद बराच काळ भरले नाही की त्याची गरजच नव्हती असा शेरा येतो, आणि वर्षानुवर्षे चाललेल्या रुग्णालयांतली कितीतरी पदे आजही ‘अस्थायी’ असतात, दर काही महिन्यांनी मुदतवाढीचा शासन निर्णय निघाला तर जगणारी. श्रीमंत देशाने केले म्हणून ही रीत योग्य ठरत नाही.

राहता राहिले कंत्राटी. इथे मला सर्वांत जास्त राग येतो, आणि तो लपवायचे कारण दिसत नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात शिशू काळजी कक्षाला आग लागली. आत १७ बाळे होती. सात वाचवता आली, दहा गेली. चौकशी झाली, कारवाई झाली. तिच्यात नियमित सेवेतले जे होते ते निलंबित झाले, आणि जे कंत्राटी होते त्यांची सेवा तिथल्या तिथे संपवली गेली. निलंबित माणसाला आरोपपत्र मिळते, बाजू मांडता येते, निर्दोष ठरला तर तो परत येतो. कंत्राटी परिचारिकेला यातले काही नाही. कुणाचा दोष किती, हे न्यायालय ठरवील. पण एकाच कक्षात, एकाच रात्रीच्या घटनेसाठी दोन प्रकारचे न्याय असतील, तर उद्या यंत्रातून ठिणगी उडताना दिसली, तारा उघड्या दिसल्या, तर कंत्राटी परिचारिका लेखी तक्रार करील का? अकरा महिन्यांनी जिला पुन्हा नेमणुकीसाठी त्याच साहेबांपुढे उभे राहायचे आहे, ती गप्प राहते. नवजात कक्षाची सुरक्षितता ही धीटपणे बोलू शकणाऱ्या परिचारिकेवर अवलंबून असते, आणि कंत्राट हे नेमके ते बोलणे बंद करते. ‘काम तर होते आहे’ म्हणणाऱ्यांनी याचा विचार केलेला दिसत नाही.

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान एप्रिल २००५ मध्ये सुरू झाले तेव्हा कंत्राटी नेमणुका ही तात्पुरती सोय होती. वीस वर्षे झाली. नवजात कक्ष, क्षयरोग, लसीकरण, शाळातपासणी, लेखा, सगळीकडे तीच तात्पुरती माणसे काम करत आहेत. मे २०२२ मध्ये परिचारिका संपावर गेल्या त्या बाह्यस्रोतातून भरतीच्या विरोधात. ६ सप्टेंबर २०२३ रोजी नऊ खासगी कंपन्यांमार्फत सरकारी पदे भरण्याचा शासन निर्णय निघाला, राज्यभर असंतोष उसळला आणि २० ऑक्टोबरला तो मागे घ्यावा लागला. १४ मार्च २०२४ रोजी दहा वर्षे सेवा झालेल्या अभियान कर्मचाऱ्यांच्या समायोजनाचा शासन निर्णय आला. तो अमलात यावा म्हणून १९ ऑगस्ट २०२५ पासून याच कर्मचाऱ्यांना बेमुदत संप करावा लागला. स्वतःचाच निर्णय राबवायला सरकारला संपाची गरज पडते.

यावर कायद्याचे उत्तर तयार असते: उमादेवी खटला. १० एप्रिल २००६ च्या त्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मागच्या दाराने आलेल्यांना कायम करण्यावर बंधने घातली. पण त्याच निकालाचा गाभा हा होता की कायमस्वरूपी कामासाठी नियमित भरती करा. सरकारांनी पहिला भाग घट्ट धरला आणि दुसरा सोडून दिला. २० डिसेंबर २०२४ रोजी जग्गो विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सुनावले: वर्षानुवर्षे कायम स्वरूपाचे काम करून घ्यायचे आणि मग उमादेवीची ढाल पुढे करायची, हे चालणार नाही. नवजात कक्षाहून अधिक कायम स्वरूपाचे काम कोणते? बाळे दर महिन्याला, दर रात्री जन्मतात.

मी नियमित नोकरीचा आंधळा कैवारी नाही. कायम झालेला माणूस कामचुकार होतो, बदलीसाठी आमदाराच्या दारी जातो, मुख्यालयी राहत नाही, या तक्रारी खऱ्या आहेत. त्यांवर उपाय देखरेखीचा आहे, बदलीच्या पारदर्शक नियमांचा आहे, राहायला नीट निवासस्थान देण्याचा आहे. पद न भरणे हा त्यावरचा उपाय कसा असेल? जो माणूस नेमलाच नाही तो कामचुकार होत नाही, हे कबूल, पण तो कुणाचे बाळंतपणही करत नाही.

भरती हे खात्याच्या मूळ कामाचे अंग आहे, निवडणुकीच्या तोंडावर करायचा महोत्सव नाही, एवढे जरी मान्य झाले तरी बराच फरक पडेल. आज सार्वजनिक आरोग्य विभाग वेगळा, वैद्यकीय शिक्षण वेगळे, जिल्हा परिषद वेगळी, महापालिका वेगळी; प्रत्येकाची जाहिरात, शुल्क, परीक्षा आणि रखडपट्टी वेगळी. या चौघांसाठी एक स्थायी भरती मंडळ, दरवर्षी ठरलेल्या महिन्यात परीक्षा, आणि निवड यादी पुढच्या परीक्षेपर्यंत जिवंत. प्रत्येक रुग्णालयाच्या दारावर मंजूर, भरलेली आणि रिकामी पदे, तज्ज्ञांसकट, दर महिन्याला लिहिलेली. आणि रुग्णसेवेच्या पदांना ८० टक्क्यांसारखी कोणतीही मर्यादा नाही.

यातले काहीच अवघड नाही, कारण रिक्त पदांचा मोठा भाग निवृत्तीतून येतो, आणि निवृत्तीची तारीख नेमणुकीच्या दिवशीच सेवापुस्तकात लिहिलेली असते. गट क चा कर्मचारी अठ्ठावन्नाव्या वर्षी, गट ड चा साठाव्या वर्षी, महिन्याच्या अखेरच्या दिवशी घरी जाणार, हे खात्याला तीस वर्षे आधी ठाऊक असते. म्हणून येत्या अर्थसंकल्पीय अधिवेशनात प्रत्येक आमदाराने आरोग्यमंत्र्यांना एकच यादी मागावी: आपल्या मतदारसंघातल्या आरोग्य केंद्रांतून आणि रुग्णालयांतून पुढच्या बारा महिन्यांत कोण कोण निवृत्त होणार, आणि त्या प्रत्येकाच्या जागी १ तारखेला हजर होणाऱ्या, निवड झालेल्या माणसाचे नाव काय.